खिचडी : प्रमाणाचा पदार्थ, गोंधळाचा शब्द

१/
चार पक्ष एकत्र येऊन सत्तेवर बसले की विरोधक त्याला ‘खिचडी सरकार’ म्हणतात. एखाद्याच्या बोलण्यात तीन भाषा मिसळल्या की ती ‘खिचडी भाषा’ ठरते. वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या कामाला ‘बिरबलाची खिचडी’ म्हटले जाते. पदार्थ एकच, पण त्याच्या नावाने गोंधळ, भेसळ आणि दिरंगाई असे तीन आरोप होतात. इतिहासातील खिचडी मात्र काटेकोर मोजमापाची होती. या शब्दाचा आणि त्याच्या वापराचा हा प्रवास.

२/
आरंभ शब्दापासून. ‘खिचडी’चे मूळ सांगताना अनेकदा संस्कृत ‘कृसर’ किंवा ‘कृसरा’ या शब्दाकडे बोट दाखवले जाते. अर्थाच्या दृष्टीने हे नाते बरोबर आहे. उच्चाराच्या दृष्टीने अधिक जवळचा शब्द म्हणजे उत्तरकालीन संस्कृतातील ‘खिच्चा’. राजस्थानातील ‘खीच’, हिंदी ‘खिचड़ी’, बंगाली ‘खिचुडी’ आणि मराठी ‘खिचडी’ ही सारी त्याच कुळातली भावंडे. म्हणजे ‘कृसर’ हा पदार्थाचा पूर्वज आणि ‘खिच्चा’ हा नावाचा. पदार्थाची वंशावळ आणि नावाची वंशावळ वेगवेगळ्या असू शकतात, हे शब्दांचा इतिहास वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

३/
‘कृसर’ तरी नेमके काय होते? जुन्या उल्लेखांत तांदूळ आणि तीळ एकत्र शिजवून केलेल्या अन्नाला हे नाव आढळते. पुढे तिळाची जागा डाळीने घेतली. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात कृशरेचे जे वर्णन येते, त्यात तांदूळ, डाळ, मीठ, आले आणि हिंग आहे. आजच्या कोणत्याही मराठी स्वयंपाकघरात ही यादी वाचून दाखवली, तर ऐकणारी व्यक्ती क्षणात पदार्थ ओळखेल.

४/
आता परदेशी प्रवाशांकडे वळू. मोरोक्कोचा इब्न बतूता १३३३ च्या सुमारास हिंदुस्थानात आला आणि दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाच्या पदरी राहिला. येथील धान्यांचे वर्णन करताना तो मुगापाशी थांबतो. मूग तांदळाबरोबर शिजवतात, वर तूप घालून खातात, याला ‘किश्री’ म्हणतात आणि लोक रोज सकाळी हाच आहार घेतात, असे तो नोंदवतो. आपल्या वाचकांना कल्पना यावी म्हणून तो तुलना करतो ती मोरोक्कोतल्या ‘हरीरा’शी. परक्या पाहुण्यालाही हा पदार्थ विचित्र मिश्रण वाटला नाही. घरच्या न्याहारीसारखा वाटला.

५/
१४४३ मध्ये हेरातच्या शाहरुखचा दूत अब्दुर रझ्झाक विजयनगरला पोहोचला. त्याने वर्णिलेली खिचडी माणसांसाठी नव्हती, राजाच्या हत्तींसाठी होती. कढईतून काढलेल्या खिचडीवर मीठ आणि साखर घालत, तिचे मोठमोठे गोळे करत, ते तुपात बुडवून हत्तीच्या तोंडात देत. यांतला एखादा जिन्नस विसरला, तर हत्ती माहुतावर चालून जाई आणि राजाही त्या निष्काळजी माहुताला शिक्षा करी, असे तो लिहितो. प्रमाण चुकलेली खिचडी विजयनगरच्या हत्तीलादेखील चालत नसे.

६/
त्याच शतकाच्या उत्तरार्धात रशियातील त्वेर नगराचा व्यापारी अफनासी निकितिन समुद्रमार्गे चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बहमनी राज्याची राजधानी बिदर येथे गेला. तो स्वतः एक घोडा विकण्यासाठी घेऊन आला होता, त्यामुळे घोड्यांच्या खाद्याकडे त्याचे लक्ष असणे स्वाभाविकच. येथे घोड्यांना वाटाण्यासारखे कडधान्य देतात आणि साखर व तेल घालून शिजवलेली ‘किचिरिस’ही खाऊ घालतात, अशी त्याची नोंद आहे. महाराष्ट्राच्या भूमीवरून गेलेल्या एका रशियन माणसाच्या वहीत हा शब्द असा पोहोचला.

७/
अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने ‘आईन-ए-अकबरी’त शाही मुदपाकखान्याची माहिती दिली आहे. त्यात पदार्थांचे वर्ग आहेत आणि मांसाशिवायच्या पदार्थांच्या वर्गात खिचडी येते. कृती अशी : तांदूळ ५ शेर, मूगडाळ ५ शेर, तूप ५ शेर आणि मीठ एक तृतीयांश शेर. एवढ्यातून सात पात्रे भरतात. ज्या पदार्थाच्या नावाने आज अव्यवस्था सांगितली जाते, त्याचा चारशे वर्षांपूर्वीचा हिशेब मिठाच्या शेरापर्यंत लिहून ठेवलेला आहे.

८/
या कृतीतील तूप पुन्हा एकदा पाहावे. जितका तांदूळ तितकेच तूप. सामान्य रयतेच्या घरी हे शक्य नव्हते. शेतकऱ्याच्या आणि बादशहाच्या चुलीवर शिजणाऱ्या पदार्थाचे नाव एकच होते आणि अंतर होते ते तुपाचे. एखादा शब्द समाजाच्या सर्व थरांत सारखाच बोलला जातो, तेव्हा त्या शब्दाआड दडलेली विषमता शोधण्यासाठी इतिहासाच्या अभ्यासकाला असे तपशील मोजावे लागतात.

९/
अकबराचा पुत्र जहांगीर याने आपल्या आत्मचरित्रात गुजरातच्या मुक्कामातील एक अनुभव लिहिला आहे. १६१८ च्या सुमाराची ही गोष्ट. तेथील लोक बाजरीची खिचडी खातात हे समजल्यावर त्याने ती मुद्दाम करवून घेतली. त्याला ती आवडली. ज्या दिवशी आपण मांस वर्ज्य करतो, त्या दिवशी ही खिचडी वरचेवर आणत जावी, असा हुकूम त्याने सोडला. बाजरी हे स्वस्त, कोरडवाहू मुलखातले धान्य. ते खिचडीच्या नावाचे बोट धरून बादशहाच्या दस्तरखानापर्यंत गेले.

१०/
औरंगजेबाच्या काळात फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए शाही छावणीबरोबर काश्मीरपर्यंत गेला. एवढ्या प्रचंड छावणीचे पोट भरते तरी कसे, हा प्रश्न त्याला पडला होता. त्याचे उत्तर असे, की हे लोक साधे खाणारे आहेत, खिचडी आणि तिच्यावर तूप मिळाले की ते समाधानी असतात. सैन्य पोटावर चालते असे म्हणतात. मोगल सैन्याच्या बाबतीत त्या पोटात बहुधा खिचडी असे.

११/
मग मुगाचीच निवड का? येथे स्वयंपाकाचे शास्त्र येते. सालीविना मूगडाळ आणि तांदूळ साधारण एकाच वेळात शिजतात. तूरडाळ किंवा हरभराडाळ अधिक वेळ घेते आणि तिच्या नादात भाताचा लगदा होतो. म्हणून एकाच भांड्यात, एकाच जाळावर, थोड्या सरपणात होणाऱ्या जेवणासाठी मूग सोयीचा. प्रवासी, सैनिक आणि दिवसभर राबून घरी परतलेली बाई या तिघांनाही हे गणित अनुभवाने ठाऊक होते.

१२/
पोषणाच्या अंगानेही हे मिश्रण विचारी आहे. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी लायसिन तांदळात कमी असते आणि डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते तांदूळ पुरवतो. एकाचे उणे दुसरा भरून काढतो. आजारी माणसाला मऊ खिचडी आणि तान्ह्या मुलाला भाजलेल्या डाळ-तांदळाचे खिमट देणाऱ्या आजीबाईंना अमिनो आम्लांची नावे माहीत नव्हती, परिणाम माहीत होता.

१३/
तरीही ‘खिचडी’ म्हणजे ‘सरमिसळ’ हा अर्थ रूढ झाला. दोन धान्ये एकत्र येतात, एवढाच भाग भाषेने उचलला. १८८६ मध्ये हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा प्रसिद्ध कोश निघाला. त्यात खिचडीच्या नोंदीत हा लाक्षणिक अर्थही दिलेला आहे : नाना प्रकारचे मिश्रण आणि मिश्र बोली. इंग्लंडमध्ये न्याहारीला मासे घातलेल्या भाताला ‘केजरी’ म्हणतात, ते चुकीचे असल्याचा शेराही कोशकारांनी मारला आहे. मासा खिचडीबरोबर खाल्ला जातो, तो खिचडीचा घटक नव्हे, असे त्यांचे म्हणणे. शब्द साता समुद्रापार गेला आणि तेथे दुसराच पदार्थ त्याच्या नावावर नांदू लागला.

१४/
भाषेला खिचडी म्हणणे नेहमीच हिणवण्यासाठी असते असे नाही. हिंदीचे अभ्यासक श्यामसुंदर दास यांनी कबीराच्या भाषेला ‘पंचमेल खिचड़ी’ म्हटले आहे. अवधी, ब्रज, खडी बोली, राजस्थानी, पंजाबी असे अनेक बोलींचे दाणे त्या वाणीत आहेत. शुद्ध भाषेच्या आग्रही माणसाला हा दोष वाटेल. पण अनेक प्रांतांतील सामान्य माणसाला ती वाणी आपली वाटली, त्यामागे हे मिश्रणही आहेच.

१५/
राजकारणातील वापर अधिक बोचरा. १९७७ मध्ये केंद्रात जनता पक्षाचे सरकार आले. जनसंघ, संघटना काँग्रेस, भारतीय लोक दल आणि समाजवादी पक्ष असे निरनिराळ्या विचारांचे गट त्यात एकवटले होते. अशा सरकारांना आणि पुढच्या आघाड्यांना ‘खिचडी’ म्हणून हिणवणे सवयीचे झाले. या उपमेत एक गृहीत लपलेले आहे : एकजिनसी ते भक्कम, मिश्र ते तकलादू. हे गृहीत राजकारणात कितपत खरे, हा वेगळा वाद. खिचडीच्या बाबतीत मात्र ते साफ खोटे आहे. नुसता भात वा नुसती डाळ तिच्याइतकी पुरी पडत नाही.

१६/
लोकजीवनात याच नावाला प्रतिष्ठाही आहे. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये मकर संक्रांतीच्या सणालाच ‘खिचड़ी’ म्हणतात. गोरखपूरच्या गोरखनाथ मंदिरात त्या दिवशी भाविक खिचडी अर्पण करतात. मुहर्रमच्या दिवसांत अनेक मुस्लिम घरांत आणि मोहल्ल्यांत गहू, डाळी व मांस एकत्र शिजवून ‘खिचडा’ केला जातो आणि वाटला जातो. शब्द तोच, ‘डी’चा ‘डा’ झालेला. दोन्ही ठिकाणी तो वाटून खाण्याचा पदार्थ आहे.

१७/
मराठीत या नावाची आणखी एक गंमत आहे. एकादशीला घरात ‘खिचडी केली आहे’ असे कोणी म्हटले, तर ‘कशाची?’ असे कोणी विचारत नाही. ती साबुदाण्याचीच. तीत तांदूळ नाही, डाळ नाही. ज्या दोन धान्यांमुळे नाव पडले, ती दोन्ही गेली आणि नाव तेवढे उरले. म्हणूनच उपवासाच्या दिवशी खरी जुनी खिचडी सांगायची, तर ‘डाळ-तांदळाची’ असे विशेषण मराठी माणसाला जोडावे लागते.

१८/
या उपवासाच्या खिचडीतील जिन्नसांचे मूळ गाव शोधले तर नवल वाटते. आजचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. तो कंद दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा आणि बटाटा तेथलेच, हिरवी मिरचीही अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या काळात अशी अनेक पिके भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली, ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच मराठीत आला. ‘साबु’ हे नाव मात्र मलय भाषेतील ‘सागू’चे. तो आग्नेय आशियातील एक ताड. तमिळनाडूतील सेलम परिसरात टॅपिओकापासून साबुदाणा बनवण्याचा उद्योग उभा राहिला तो विसाव्या शतकाच्या चाळिशीत. म्हणजे ‘परंपरेने चालत आलेला’ उपवासाचा हा पदार्थ आजच्या रूपात फार जुना नाही. सनातन वाटणाऱ्या गोष्टींचे वय तपासणे, हाच इतिहासाचा पहिला धडा.

१९/
आता ‘बिरबलाची खिचडी’. ही लोककथा आहे, दरबारी नोंद नव्हे. कडाक्याच्या थंडीत रात्रभर तळ्यात उभे राहणाऱ्याला इनाम जाहीर होते. एक गरीब माणूस ते करून दाखवतो. रात्र कशी काढलीस, असे विचारल्यावर तो सांगतो, की दूर महालातील दिव्याकडे पाहत राहिलो. त्या दिव्याची ऊब मिळाली, असे म्हणून इनाम नाकारले जाते. दुसऱ्या दिवशी बिरबल दरबारात येत नाही. तो खाली जाळ करून उंच बांबूला खिचडीचे मडके टांगून बसलेला असतो. इतक्या दुरून खिचडी कशी शिजेल, असे बादशहा विचारतो आणि स्वतःच्याच प्रश्नात अडकतो. गरिबाला त्याचे इनाम मिळते.

२०/
मराठी वाक्प्रचाराने या कथेतून काय घेतले? फक्त न शिजणारे मडके. सरकारी काम लांबले, पूल रखडला, निकाल लागेना, की ‘बिरबलाची खिचडी’. पण कथेतील मडके मुद्दाम न शिजण्यासाठीच टांगलेले होते. त्यामागे थंडीत कुडकुडलेल्या एका माणसाची मजुरी होती. वाक्प्रचार वापरून वापरून गुळगुळीत झाला आणि त्यातला तो माणूस गळून गेला. शब्दांच्या इतिहासात असे विस्मरण वारंवार घडते : भाषा चित्र लक्षात ठेवते, कारण विसरते.

२१/
आणि मग ही कथा खरोखरच घडावी तसे काही घडले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांतील मुलांसाठी पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू केली. अपेक्षा शिजवलेल्या जेवणाची होती. प्रत्यक्षात बहुतेक राज्यांत मुलाला महिन्याकाठी ३ किलो धान्य कोरडेच मिळे. धान्य होते, मूल होते, मध्ये चूल नव्हती. २००१ मध्ये देशाची गोदामे भरलेली असताना काही भागांत उपासमार होत होती. त्या वर्षी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

२२/
२८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला : सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला शिजवलेले जेवण मिळाले पाहिजे. किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षातून किमान २०० दिवस. अबुल फजलाच्या शेरांनंतर खिचडीच्या ताटाला पुन्हा एकदा कागदावर माप मिळाले. फरक एवढाच, की या वेळी ते माप बादशहाच्या मुदपाकखान्याचे नव्हते, मुलाच्या हक्काचे होते. सहा वर्षे उंच टांगलेले मडके जाळावर उतरले.

२३/
महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत या योजनेचे अधिकृत नाव क्वचितच कोणी उच्चारते. तेथे तिला ‘शाळेतली खिचडी’ असेच म्हणतात, मग त्या दिवशी ताटात दुसरे काही असले तरी. याच शब्दाने टोमणेही जन्माला आले. ‘मुले खिचडीसाठी शाळेत येतात’ हे वाक्य अनेकदा कुत्सितपणे उच्चारले जाते. भुकेले मूल जेवणासाठी शाळेपर्यंत येते आणि शाळेत टिकते, हा तर योजनेचा एक उघड हेतूच होता. हेतूलाच दूषण ठरवण्याची किमया एका शब्दाच्या स्वराने साधली.

२४/
या खिचडीपुढे आणखी एक कसोटी होती. एकाच पंगतीत सर्व जातींच्या मुलांनी बसायचे आणि ती शिजवणार कोण? २० एप्रिल २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे. त्यानंतरही देशाच्या निरनिराळ्या भागांत दलित स्वयंपाकिणीच्या हातचे खाण्यास नकार दिल्याच्या बातम्या येत राहिल्या. ‘मिसळणे’ हा शब्द भांड्यातील धान्याबद्दल असतो तोवर कोणाची हरकत नसते. पंगतीतल्या माणसांबद्दल आला, की हरकती सुरू होतात.

२५/
४ नोव्हेंबर २०१७ रोजी दिल्लीतील एका जागतिक खाद्य मेळ्यात ९१८ किलो खिचडी शिजवून विक्रम नोंदवला गेला. त्याआधी काही दिवस खिचडीला ‘राष्ट्रीय पदार्थ’ घोषित करणार अशी आवई उठली होती. तसा विचार नाही, हे मंत्र्यांना स्पष्ट करावे लागले. त्या निमित्ताने पुष्कळ विनोद झाले. पण ज्या पदार्थाच्या नावाने देशभर टोमणे मारले जातात, तोच देशाचे प्रतीक होऊ शकेल असे क्षणभर का होईना सर्वांना शक्य वाटले, ही गोष्ट विनोदाहून बोलकी आहे.

२६/
एका शब्दाच्या या प्रवासात विजयनगरचे हत्ती आहेत, चौलला उतरलेला रशियन व्यापारी आहे, मुदपाकखान्याचा हिशेब आहे आणि हातात ताटली धरून रांगेत उभे असलेले शाळकरी मूल आहे. खिचडीत काय मिसळले, हा प्रश्न भाषा नेहमी विचारते. इतिहास दोन प्रश्न अधिक विचारतो : प्रमाण कोणी ठरवले आणि ताट कोणापर्यंत पोहोचले?

२७/
पुढच्या वेळी रखडलेल्या कामाला कोणी ‘बिरबलाची खिचडी’ म्हटले, तर त्या तळ्यात उभ्या राहिलेल्या माणसाची आठवण व्हावी. मडके उंच टांगलेले का आहे, हे विचारण्यासाठीच ती कथा रचलेली आहे. ते विचारले गेले, तेव्हाच खिचडी शिजली. (समाप्त)